कोकणातून आणलेला अनंत पुण्यात का पिवळा पडतो?

वाचकांचे पत्र, थोडक्यात: पुण्याच्या एका उपनगरात राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. राजापूर तालुक्यातील माहेरच्या अंगणात अनंताचे मोठे झाड होते. त्याची फांदी आईने स्वतः रुजवून, सोबत पोतेभर लाल माती देऊन लेकीबरोबर पुण्याला पाठवली. पाच वर्षे ते रोप फ्लॅटच्या गॅलरीतील कुंडीत होते आणि दरवर्षी फुलत होते. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब स्वतःच्या बंगल्यात राहायला आले, तेव्हा “कुंडीत गुदमरत असेल” म्हणून त्यांनी ते कंपाउंडच्या पश्चिमेकडील भिंतीलगत जमिनीत लावले. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या पावसाळ्यापासून शेंड्याकडची पाने पिवळी पडू लागली. “तेव्हा आईने फोनवर सांगितले होते की जरा सावलीत ठेव,” असे त्या लिहितात. त्यानंतर सहा महिन्यांनी आई गेली, पाठोपाठ माहेरचे घरही विकले गेले. झाडाला आतापर्यंत शेणखत, डीएपी, अंड्यांची टरफले, राख, ताक आणि गंजके खिळे असे सर्व काही देऊन झाले आहे, आणि बोअरचे पाणी दिवसातून दोनदा दिले जाते. तरीही पाने पिवळीच आहेत, आणि वाटाण्याएवढ्या झालेल्या कळ्या गळून पडतात. नर्सरीवाले म्हणतात, खत कमी पडते. यजमान म्हणतात, उपटून नवे लावू. नणंदबाई म्हणतात, आईच्या हातचे झाड आईबरोबरच जाते. पत्रलेखिका विचारतात, “माझ्या हाताला गुण नाही का? वटपौर्णिमेला आईचा जन्मदिवस असतो, तोपर्यंत एक तरी फूल येईल का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. पाने पिवळी पडू लागली तेव्हा आईने फोनवर सल्ला दिला, असे तुम्ही म्हणता, याचा अर्थ झाडाचे दुखणे आईच्या जाण्याच्या निदान सहा महिने आधी सुरू झाले होते. नणंदबाईंनी जे म्हटले ते तुमच्या दुःखाला धरून म्हटले असेल, परंतु तारखा त्यांच्या बाजूने नाहीत. आणखी एक गोष्ट मला त्या वाक्यात दिसते. “सावलीत ठेव” असे आपण कुंडीतल्या झाडाविषयी म्हणतो, कारण जमिनीतले झाड उचलून ठेवता येत नाही. तेव्हा आईच्या मनात ते झाड अजून त्या लाल मातीच्या कुंडीतच होते, असे मला वाटते. ते जमिनीत गेल्याचे त्यांना ठाऊक असते, तर त्यांनी बहुधा दुसरेच काही विचारले असते.

कुंडी म्हणजे भाड्याची खोली आणि जमीन म्हणजे हक्काचे घर, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि पुष्कळ झाडांच्या बाबतीत ती खरीही आहे. अनंताच्या बाबतीत मात्र ती जमीन कोणती, हे आधी विचारावे लागते. तुम्ही झाड जमिनीत लावले त्या एका दिवशी त्याच्या आयुष्यातील तीन गोष्टी एकदम बदलल्या. कोकणातली लाल माती जाऊन भिंतीकडेची माती आली, फ्लॅटमध्ये मिळणारे धरणाचे पाणी जाऊन बोअरचे पाणी आले, आणि गॅलरीतील कोवळ्या उन्हाऐवजी पश्चिमेचे, भिंतीवरून परतणारे ऊन आले. पहिले वर्ष बरे गेले, कारण मुळांभोवती अजून जुन्या मातीचा गोळा होता. मुळे त्याच्या बाहेर पडली आणि पाने पिवळी पडू लागली. त्यामुळे हाताला गुण नसल्याचा आरोप तुम्ही स्वतःवर ठेवू नये. ज्या हातांनी ते झाड पाच वर्षे फुलवले, तेच हात पुढेही होते.

आता पानांकडे वळू. पान पिवळे पडणे हे माणसाला येणाऱ्या तापासारखे आहे, त्यावरून काही बिघडले आहे एवढेच कळते. कोणते पान पिवळे पडले आणि कसे, हे पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. फांदीच्या बुडाकडची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील, तर नत्र कमी पडत असण्याची शक्यता असते. जुन्याच पानांत कडेकडून पिवळेपणा येऊन मध्यशिरेजवळ हिरवा भाग राहत असेल, तर मॅग्नेशियमचा विचार करावा. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरू शकतात, म्हणून टंचाई आली की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. लोह तसे फिरत नाही. जुन्या पानात गेलेले लोह तिथेच राहते, आणि टंचाईचा पहिला फटका शेंड्याच्या कोवळ्या पानांना बसतो. ती पाने पिवळी, पुढे जवळजवळ पांढरट होतात, परंतु त्यांच्या शिरांची जाळी हिरवी राहते. तुम्ही “पानावर हिरव्या रेघांची नक्षी काढल्यासारखी दिसते” असे लिहिले आहे. याहून चांगले वर्णन मलाही करता आले नसते. आपल्या ऊसपट्ट्यातले शेतकरी याच लक्षणाला “केवडा पडला” म्हणतात, कारण पिवळट पांढऱ्या पट्ट्यांचे ते पान केवड्याच्या पातीसारखे दिसते. तुमच्या अनंतावर केवडा पडला आहे, असा माझा कयास आहे.

मग जमिनीत लोह नाही का? विपुल आहे. पुण्याची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली त्यात लोह भरपूर असते. अडचण ते मुळांना घेता येण्याची आहे. मातीचा आम्ल-विम्लपणा मोजणारा सामू (म्हणजे पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) ७ च्या वर जाऊ लागला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकते, आणि सामू एका अंकाने वाढला की विरघळलेले लोह सुमारे हजारपटीने कमी होते. अनंताला साधारण ५ ते ६.५ सामूची माती मानवते. कोकणातली जांभ्याची माती धो धो पावसाने धुऊन निघालेली आणि आम्ल असते, त्यामुळे तिथे हे झाड अंगणात कोणी फारसे लक्ष न देताही फुलते. घाटावरच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या घरात असतो, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे मिसळलेले असतात. त्यात तुमचे झाड भिंतीलगत आहे. नव्या बंगल्याच्या कंपाउंडजवळची माती म्हणजे बहुधा राडारोडा, सिमेंटचे तुकडे, गिलाव्याचा चुरा आणि वर टाकलेली चार घमेली माती असते. काळ्या मातीत आधीच असलेल्या चुन्यात तिथे बांधकामाच्या चुन्याची भर पडते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपण अनंताला कोकणचे झाड मानतो, परंतु तो मूळचा चीन-जपानकडचा आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया हे अठराव्या शतकातील अलेक्झांडर गार्डन या अमेरिकेत राहणाऱ्या डॉक्टरवरून ठेवलेले आहे. तेव्हा कोकणातही तो पाहुणाच होता, फक्त तिथली माती त्याला मानवली. त्याच गार्डेनिया कुळीतला डिकेमालीचा वृक्ष, ज्याचा डिंक जुन्या घरांतून औषधाला ठेवत, आपल्या कोरड्या पानगळीच्या रानात कोणी पाणी न घालता वाढतो. एकाच घरातली दोन भावंडे सारखे जेवत नाहीत, तसेच हे आहे.

आता तुम्ही केलेले उपाय पाहू. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण हेच उपाय आज शेकडो घरांत चालू आहेत. अंड्यांची टरफले म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. राख विम्ल असते आणि सामू आणखी वर नेते. डीएपी या रासायनिक खतात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते, आणि जास्तीचे स्फुरद लोहाला अडकवून ठेवते. गंजके खिळे ही आजीबाईच्या बटव्यातली आवडती युक्ती आहे, पण गंज हेच लोहाचे न विरघळणारे रूप आहे, तेव्हा विम्ल मातीत खिळे पुरणे म्हणजे कुलूपबंद कोठारात आणखी एक पोते ढकलणे होय. ताक आम्ल असते हे खरे, परंतु चुनखडीच्या मातीत वाटीभर ताकाचा आम्लपणा तेवढ्यापुरताच टिकतो, आणि वर मुंग्या व वास यांचा त्रास होतो. शेणखत एकटेच निरुपद्रवी होते. थोडक्यात, दर वेळी झाड अधिक पिवळे पडले की तुम्ही त्याला अधिक खाऊ घातले, आणि त्या खाण्याने त्याचे तोंड आणखी बंद झाले. नर्सरीवाल्यांच्या “खत कमी पडते” या निदानाशी मी म्हणूनच सहमत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यांतील बायकार्बोनेटे मातीचा सामू रोज थोडा थोडा वर नेतात. तुमच्या बाथरूममधील बादलीला आतून पांढरा थर चढत असेल, तर तोच थर तीन वर्षे झाडाच्या मुळांभोवतीही चढतो आहे असे समजावे. शिवाय दिवसातून दोनदा पाणी दिल्याने चिकण काळ्या मातीतील हवा निघून जाते, आणि हवेवाचून मुळे उपलब्ध असलेले लोहही नीट घेत नाहीत. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

परंतु माझा कयास हा शेवटी पत्र वाचून केलेला कयास आहे, आणि उपटायचे की वाचवायचे हा निर्णय कयासावर घेऊ नये. त्यासाठी तीन चाचण्या घरच्या घरी करता येतील. पहिली चाचणी मातीची. झाडाजवळची चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फसफस झाली, बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे. फसफस झाली नाही, तर मात्र चुना नाहीच असे मानू नये, कारण थोडा चुना असेल तर ही चाचणी तो दाखवत नाही. अधिक खात्री हवी असल्यास शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात सामू तपासून घ्यावा. दुसरी चाचणी मुळांची. झाडापासून हातभर अंतरावर खुरप्याने माती हलकेच उकरून एक-दोन बारीक मुळे पाहावीत. पांढरी, कडक मुळे निरोगी असतात. तपकिरी, मऊ आणि वास येणारी मुळे पाणी साचल्याची खूण असतात. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांचा, उपद्रव आहे, आणि अनंताला तो सहज होतो.

तिसरी चाचणी सर्वांत मोलाची आहे आणि तिला थोडा धीर लागतो. झाडाच्या पूर्वेकडील एक पेन्सिलीएवढी जाड, जिवंत फांदी निवडावी. नखाने साल किंचित खरवडली असता आत हिरवे दिसले की फांदी जिवंत आहे. तिला लाल दोरा बांधावा. एक लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १ ग्रॅम लिंबूसत विरघळवून संध्याकाळी फक्त त्या एका फांदीवर, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे. बाकी झाडाला हात लावू नये. द्रावण त्याच दिवशी बनवलेले असावे आणि फरशीवर सांडू देऊ नये, कारण त्याचे तांबूस डाग जात नाहीत. आठवड्याने पुन्हा एकदा त्याच फांदीवर फवारावे. दहा ते पंधरा दिवसांत त्या फांदीची कोवळी पाने, निदान जिथे थेंब बसले तिथे ठिपक्याठिपक्यांनी, हिरवी होऊ लागली आणि बाकीचे झाड पिवळेच राहिले, तर केवड्याचे निदान पक्के झाले. हिरवी झाली नाहीत, तर माझे निदान चुकले. मग पुढचे काही न करता मुळे आणि माती तपासून घ्यावी.

एकाच फांदीवर प्रयोग करायला सांगण्याचे कारण असे की आपण सगळे उपाय एकाच आठवड्यात करतो, आणि झाड सुधारले तरी कशाने सुधारले व बिघडले तरी कशाने बिघडले हे कधीच कळत नाही. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सात-सात उपायांची यादी असते, पण कोणता उपाय कधी केला हे क्वचितच लिहिलेले असते.

पानांच्या मागची बाजूही भिंगाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहावी. बगलेत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, खोडावर तपकिरी खवले म्हणजे खवले कीड, पान हलवताच उडणारे पांढरे ठिपके म्हणजे पांढरी माशी. पानांवर काजळी धरली असेल आणि मुंग्यांची रांग असेल, तर यांपैकी कोणीतरी नक्की आहे. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घोटून संध्याकाळी फवारावे, तेही लाल दोऱ्याची चाचणी संपल्यावर. आणि वसंतात आतली काही जुनी पाने पिवळी होऊन गळतात, ते या सदाहरित झाडाचे नेहमीचे वागणे आहे, त्याने घाबरू नये.

समजा, केवडाच निघाला. मग तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. यजमान म्हणतात तसे उपटून त्याच जागी नवे लावणे हा पहिला मार्ग, आणि तो सर्वांत वाईट आहे, कारण नवा अनंतही दीड-दोन वर्षांत त्याच मातीत त्याच दशेला येईल. भिंतीलगत काही लावायचेच असेल, तर तिथे पारिजातक किंवा कण्हेर लावावी. दोघांचेही चुनखडीच्या मातीशी बरे जमते. दुसरा मार्ग म्हणजे झाड आहे तिथेच ठेवून लोह देत राहणे. हिराकस जमिनीत टाकून उपयोग नाही, ते त्या मातीत काही दिवसांत अडकते. त्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले लोह लागते, आणि खरेदी करताना पुडीवरचे नाव वाचावे लागते. ईडीटीए प्रकारचे चिलेट ६.५ च्या वरच्या सामूत टिकत नाही, म्हणून ते फवारणीपुरते ठीक आहे. जमिनीत द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचेच हवे. ते विम्ल मातीतही टिकते. सुमारे ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात मिसळून, माती ओली असताना, संध्याकाळी द्यावे आणि महिन्याने पुन्हा द्यावे. याने झाड हिरवे होईल, पण हे सलाईन लावून ठेवल्यासारखे आहे. तुम्ही विसरलात की पाने पुन्हा पिवळी पडतील. गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. जिवाणूंनी गंधकाचे आम्ल करायला काही महिने लागतात, आणि मातीत चुना साठलेला असेल तर तो ते आम्ल गिळून टाकतो, म्हणून भिंतीच्या कडेला मी त्याच्या नादी लागणार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे झाड परत कुंडीत घेणे. मी तुमच्या जागी असतो तर हेच केले असते, परंतु आज नाही. एप्रिलच्या उन्हात मुळे हलवली तर अशक्त झाड दगावेल. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी होऊन हवा दमट झाली की ढगाळ दिवस पाहून हे काम करावे. तोपर्यंत खते, टरफले, राख सगळे बंद. जे वर पडले आहे ते हाताने वेचून काढावे, आणि कोरड्या पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन, खोडाला न चिकटवता, पसरावे. पश्चिमेकडे हिरवी शेडनेट बांधावी. तीन बांबू आणि एक जाळी पुरते. आईचा “सावलीत” हा सल्ला इतका तरी पाळता येईल, आणि तो बरोबर होता, कारण अनंताला सकाळचे चार-पाच तास ऊन पुरते आणि दुपारची झळ सोसत नाही.

पाण्यासाठी दहा लिटरच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूसत विरघळवून बोअरचे पाणी द्यावे, त्याने पाण्यातील बायकार्बोनेटे बरीच कमी होतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षाररहित असते, ते साठवून देता येईल. एक इशारा मात्र आवर्जून देतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत पुण्यात घरोघरी आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. त्याने गाडी धुवावी, अनंताला घालू नये.

जूनमध्ये झाड काढताना आदल्या दिवशी माती भिजवून ठेवावी, कुंडीत मावेल एवढा गोळा राहील अशा बेताने खोडाभोवती गोल चर घ्यावा, गोळा बारदानावर उचलावा आणि बाहेरची सैल काळी माती हलकेच झाडून टाकावी. मुळे धुऊन उघडी करू नयेत. कुंडी १६ इंची, मातीची किंवा प्लास्टिकची असावी. सिमेंटची नको, ती स्वतःच पाण्यात चुना सोडते. भरण्यासाठी दोन भाग जांभ्याची लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग दोन-तीनदा धुतलेले कोकोपीट घ्यावे. नर्सरीत “लाल माती” म्हणून मिळणारी प्रत्येक माती जांभ्याची नसते, काही वेळा तो नुसता मुरूम असतो, तेव्हा तिच्यावरही व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत आणि सामू पाहायची पट्टी मिळाल्यास तीही वापरावी. राजापूरकडे अजून कोणी नातेवाईक असतील आणि एसटीने दोन पोती येऊ शकत असतील, तर सर्वांत उत्तम. खोड पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच ठेवावे, वाळक्या काटक्या छाटाव्यात, आणि कुंडी पंधरा-वीस दिवस सावलीत विटांवर ठेवावी. नवी पालवी फुटेपर्यंत खत नको. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा चहाचा एक चमचा अमोनियम सल्फेट आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी आहे. पुण्याचा पावसाळा हे तुमचे सर्वांत स्वस्त औषध आहे, कारण पावसाचे पाणी क्षारांनी भरलेले नसते. पन्हळीखाली एक पिंप ठेवलेत, तर पाऊस ओसरल्यावरही काही आठवडे ते पुरेल.

याच तऱ्हेची पत्रे सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातूनही येतात. तिथल्या वाचकांनी वरील मजकूर आपल्यासाठीही आहे असे समजावे, विशेषतः एक्झोरा लावणाऱ्यांनी, कारण तोही अनंताच्याच कुळातला आणि चुन्याला तितकाच नाजूक आहे. जास्वंदीला मात्र हा सल्ला जसाच्या तसा लावू नये. तिच्या कळ्या गळतात तेव्हा प्रथम पिठ्या ढेकूण शोधावा. मोगरा पाने गर्द हिरवी असून फुलत नसेल, तर त्याला बहुधा ऊन कमी आणि नत्र जास्त झालेले असते. आणि कोकण-गोव्यातील वाचकांनी अनंत पिवळा दिसताच लोहाच्या मागे लागू नये. तिथे पावसाळ्यात कुजलेली मुळे आणि पावसाने धुऊन गेलेले मॅग्नेशियम ही कारणे अधिक संभवतात.

आता वटपौर्णिमेच्या फुलाविषयी. तुम्हाला खोटी आशा लावणे मला जमणार नाही. ज्या झाडाच्या पानांत हरितद्रव्यच अपुरे आहे, ते कळी धरते, पण पोसू शकत नाही, आणि भिंतीची झळ व कमीजास्त होणारी ओल यांनी उरलेल्या कळ्याही गळतात. उलट मी असे सांगेन की या वर्षी दिसतील त्या कळ्या वाटाण्याएवढ्या होण्याआधीच नखाने खुडून टाकाव्यात, म्हणजे झाडाची ताकद मुळांना आणि पानांना मिळेल. हे करताना तुम्हाला जड जाईल याची मला कल्पना आहे. पुढच्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

त्या दिवशी झाडाशी करण्यासारखे दुसरे एक काम मात्र आहे. माहेरचे घर विकले गेल्यावर तो अनंत आता जगात एवढाच उरला, असे तुम्ही लिहिले आहे. फांदीपासून केलेले रोप हे बीपासून उगवलेल्या रोपासारखे वेगळे झाड नसते, मूळ झाडाचाच तो पुढचा तुकडा असतो. म्हणजे तुमच्या कुंपणाशी उभा आहे तो राजापूरचाच अनंत, आणि त्याची फांदी रुजवली तर तीही तोच. एकाच कुंडीवर सगळी भिस्त ठेवू नका. वटपौर्णिमेपर्यंत हवेत बहुधा दमटपणा आलेला असतो आणि लाल दोऱ्याच्या फांदीची पाने, चाचणी यशस्वी झाली असेल तर, हिरवी झालेली असतील. पिवळ्या फांद्यांना मुळे नीट फुटत नाहीत, म्हणून हीच फांदी घ्यावी. तिच्यावर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढून, त्यावर भिजवून पिळलेले शेवाळ गुंडाळून, वरून प्लास्टिक दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. यालाच गुटी बांधणे म्हणतात. झाड कुंडीत हलवताना गुटीला धक्का लागू देऊ नये. सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतील. तेव्हा गुटीच्या खालून फांदी कापून तिला जांभ्याच्या मातीच्या लहान कुंडीत लावावे, आणि जमल्यास श्रावणात आणखी दोन गुट्या बांधून एक रोप नणंदबाईंकडे ठेवायला द्यावे.